अंतर राखणे आणि अंतर देणे



ज्या सरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासमोर उभे राहून मला विद्यार्थिदशेत कधी चार वाक्ये सलग बोलता आली नाहीत. आज त्यांच्या नावाने बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी व्यवस्थापक मंडळाचा ऋणी आहे. यापूर्वी या व्यासपीठावर मोठमोठ्या विद्वानांनी विचार मांडले आहेत. मी कोणी विद्वान नव्हे. वाणिज्य शाखेत पस्तीस वर्षे अध्यापन केले, आणि त्याहून अधिक वर्षे मांडवीच्या बाजारात पिशवी घेऊन हिंडलो, एवढीच माझी पात्रता. म्हणून विषयही बाजारातलाच निवडला आहे. महामारीच्या दोन वर्षांत सुरक्षिततेचे जे नियम आले, त्यांनी दुकानात जाऊन वस्तू विकत घेण्याचा आपला अनुभव कसा बदलला, आणि त्यातून आपण काय शिकायचे, याविषयी मी बोलणार आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु सरांना तो तसा वाटला नसता, अशी माझी खात्री आहे. आठवीच्या वर्गाला ते दरवर्षी एका शनिवारी मांडवीत घेऊन जात. प्रत्येकाला दोन रुपये देत, आणि तासाभराने काय घेतले, कोणाकडून घेतले, भाव कसा ठरला आणि विकणारा काय बोलला, हे सारे लिहून आणायला सांगत. पहिल्या वर्षी मी फक्त हिशेब लिहून नेला. सरांनी वही परत केली आणि म्हणाले, “अरे, हा जमाखर्च झाला. माणूस कुठे आहे?” त्या प्रश्नाचे उत्तर मी आज देण्याचा प्रयत्न करणार आहे.

मांडवीचे वर्णन मी वडोदेकरांपुढे काय करावे? तरीही बाहेरगावी स्थायिक झालेले आपले अनेक माजी विद्यार्थी ही पुस्तिका वाचतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. चारही बाजूंना तीन-तीन कमानी असलेला तो चौरस मंडप जुन्या शहराच्या मध्यावर उभा आहे. त्याच्यापासून चार रस्ते चार वेशींना जातात: पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर आणि दक्षिणेला गेंडीगेट. मांडवी या शब्दाचा आपल्या भाषेतला एक जुना अर्थ जकात घेण्याची जागा असा आहे. माल आणि माणूस जेथे थांबवून तपासला जातो, ते ठिकाण. २०२० साली दुकानांच्या दारात कपाळासमोर तापमापक धरला जाऊ लागला, तेव्हा मला या अर्थाची आठवण झाली होती.

या बाजाराचा पूर्वीचा रिवाज आपणांस ठाऊक आहे. माझ्या एका वर्गमित्राचे तेथे कापडाचे दुकान आहे. तो या सभागृहात बसला आहे, आणि त्याच्या अनुमतीनेच मी हे सांगत आहे. नाव मात्र घेणार नाही. त्याच्या दुकानात पादत्राणे पायरीशी काढायची, पांढऱ्या गादीवर बसायचे, लोडाला टेकायचे. मग पाणी येई, पाठोपाठ चहा येई, आणि कापडाविषयी पहिला शब्द निघण्यापूर्वी घरच्या सगळ्यांची विचारपूस होई. त्यानंतर ठाण उलगडले जाई. माझी आई कापडाकडे आधी पाहत नसे. डोळे दुसरीकडे आणि बोटे कापडावर. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये काठ धरून ती पोत पाही, मग पदर उलटा करून विणीची मागची बाजू पाही, आणि सर्वांत शेवटी रंग. गुढीसाठी खण घ्यायचा असला तरी हा विधी चुकत नसे. दुकानातले जुने मदतनीस, ज्यांना आम्ही सर्व गिऱ्हाईक मामा म्हणत असू, पन्नास साड्यांच्या घड्या मोडत आणि शेवटी एकही घेतली नाही तरी हसतमुखाने पुन्हा घालत. खरेदी ही तेथे डोळ्यांनी कमी आणि हातांनी अधिक होत असे.

हे सारे एका दिवसात थांबले, आणि तो दिवस कोणता, हे मराठी माणसाला विसरणे शक्य नाही. २२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू झाला. २४ मार्चच्या रात्री पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली, आणि ती २५ मार्चपासून लागू झाली. त्या दिवशी गुढीपाडवा होता. आमच्या पोळीत त्या वर्षी कित्येक गुढ्यांना नवे वस्त्र मिळाले नाही, साखरेची गाठी मिळाली नाही. पत्नीने तिच्या लग्नातला एक खण पेटीतून काढला आणि तोच गुढीला बांधला. वर्षाच्या पहिल्या दिवशी मांडवीच्या चारही रस्त्यांवर एक दुकान उघडे नाही, असे दृश्य मी सत्तर वर्षांत पाहिले नव्हते.

त्यानंतर नियमांचा काळ सुरू झाला. या नियमांना आधार दोन कायद्यांचा होता. एक २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, आणि दुसरा १८९७ चा साथरोग कायदा, जो मुंबई इलाख्यातील प्लेगच्या साथीतून जन्मला. म्हणजे आपल्या पणजोबांनी ज्या कायद्याचा धाक पाहिला, तोच सव्वाशे वर्षांनी आपल्या वाट्याला आला. दुकानात दोन गिऱ्हाइकांमध्ये सहा फुटांचे अंतर हवे, आणि एका वेळी पाचांहून अधिक माणसे आत घेऊ नयेत, असा केंद्राचा आदेश मे महिन्यात आला. गुजरातेत १९ मेपासून प्रतिबंधित क्षेत्राबाहेरची दुकाने सम-विषम पद्धतीने उघडू लागली, आणि १ जूनपासून ती अट उठून सकाळी ८ ते सायंकाळी ७ अशी वेळ ठरली. मुखपट्टी नसल्यास दंड प्रथम २०० रुपये होता. ऑगस्टच्या आरंभी तो ५०० झाला आणि त्याच महिन्याच्या ११ तारखेपासून १,००० रुपये. महाराष्ट्रात ५ जूनपासून रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एका दिवशी आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी, अशी व्यवस्था होती. तेथे कापडाच्या दुकानांतील कपडे घालून पाहण्याच्या खोल्या बंद ठेवण्याचा आणि विकलेला कपडा बदलून न देण्याचा नियम होता. पुण्यात राहणारी माझी बहीण त्यावर म्हणाली होती, “दादा, आता साडी घ्यायची म्हणजे स्थळ न पाहता लग्न ठरवायचं!”

वर्गमित्राचे दुकान उघडले, तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात गेलो. काही घ्यायचे नव्हते. त्याला पाहायचे होते. गादी गुंडाळून ठेवली होती. दारात एक टेबल आडवे टाकले होते, आणि रस्त्यावर चुन्याने वर्तुळे आखली होती. मी त्यांपैकी एका वर्तुळात उभा राहिलो. पन्नास वर्षांची ओळख असलेला माणूस समोर सहा फुटांवर उभा होता, आणि आम्हा दोघांनाही हातांचे काय करावे हे कळत नव्हते. त्याने नमस्कार केला. शाळेत असल्यापासून त्याने मला कधी नमस्कार केला नव्हता.

या काळात मला स्वतःविषयी एक शोध लागला. मुखपट्ट्या आल्यापासून दुकानात कोण काय म्हणतो ते मला ऐकू येईनासे झाले. प्रथम मी समजलो, पट्टीमुळे आवाज दबतो. पुढे कानांची तपासणी झाली, तेव्हा वैद्यांनी सांगितले की ऐकणे आठ-दहा वर्षांपासून मंदावले असावे. मी नकळत ओठ वाचत होतो. घासाघीस करताना आपण शब्दांवर किती कमी आणि चेहऱ्यावर किती अधिक विसंबतो, हे त्या पट्टीने शिकवले. “शेवटचा भाव” असे म्हणणाऱ्या दुकानदाराचा भाव खरोखर शेवटचा आहे की नाही, हे त्याच्या ओठांच्या कोपऱ्यावर लिहिलेले असते. तो कोपराच झाकला गेला. परिणामी लोक घासाघीस करीनासे झाले. सांगितलेला भाव द्यायचा आणि निघायचे. व्यवहार जलद झाला, आणि दुकानदार म्हणू लागले की गिऱ्हाईक आता बसतच नाही.

येथपर्यंत मी जे सांगितले ते गमतीचे आणि थोडे हळहळीचे आहे. आता जे दोन प्रसंग सांगणार आहे, ते सांगण्यासाठीच खरे तर मी हा विषय घेतला. दोन्ही प्रसंगांत चूक माझी आहे.

पहिला प्रसंग मे २०२० मधला. त्या दिवसांत भीती कशी होती, हे आठवा. दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो. भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवीत होतो. वर्तमानपत्रावर इस्त्री फिरवणारी घरे मला माहीत आहेत, कारण त्यांपैकी एक माझेच होते. अहमदाबादेत ७ मेपासून आठवडाभर दूध आणि औषधे सोडून सारी दुकाने बंद ठेवली होती, आणि भाजीविक्रेत्यांची विशेष तपासणी चालू होती. रोज शेकडो लोकांशी संबंध येणारा विक्रेता अनेकांना रोग देऊ शकतो, हे म्हणणे शास्त्राला धरून होते. पण गल्लीपर्यंत येता येता त्याचा अर्थ एवढाच उरला की भाजीवाला म्हणजे रोग.

आमच्या पोळीत एक वृद्ध बाई वर्षानुवर्षे भाजी घेऊन येत. टोपली ओटल्यावर टेकवून त्या बसत, पत्नीशी गप्पा करीत, पाणी मागून पीत. त्या दिवशी त्या आल्या, तेव्हा मी दारातूनच ओरडलो, “लांब, लांब! टोपली तेथेच ठेवा.” त्यांनी भाजी ओटल्याच्या कडेला ठेवली आणि मागे सरल्या. मी पन्नासाची नोट चिमटीत धरून त्यांच्या दिशेने टाकली. ती वाऱ्याने उडून गटाराशी गेली. त्यांनी वाकून उचलली, पदराला पुसली, आणि अगदी सहज, रागाचा लवलेश नसलेल्या स्वरात म्हणाल्या, “साहेब, मारी दादीने पण लोको आम ज पैसा आपता.” माझ्या आजीलासुद्धा लोक असेच पैसे देत.

मंडळी, मी वडोद्यात जन्मलो, वडोद्यात वाढलो. १९१३ साली ज्या संस्थानाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठवले, त्याच संस्थानाच्या राजधानीत १९१७ साली ते नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला कोणी घर दिले नाही. एका धर्मशाळेत खोटे नाव सांगून राहावे लागले, आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. गाडीची वेळ होईपर्यंत ते सयाजीबागेत, तेव्हाच्या कमाठीबागेत, बसून राहिले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे कागद दुरून टाकीत, हेही आपण शाळेत शिकतो. मी ते विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो. आणि त्या दिवशी माझ्याच ओटल्यासमोर, माझ्याच हाताने, दुरून टाकलेली नोट एका म्हाताऱ्या बाईने उचलली होती.

आपल्यापैकी पुष्कळांना २०२० साली प्रथमच असा अनुभव आला की समोरचा माणूस आपल्या हाताला हात लागू देत नाही, पैसे तबकात ठेवायला सांगतो, वस्तू दुरून सरकवतो. आपल्याला तो नवा वाटला, अपमानाचाही वाटला. परंतु या देशात कोट्यवधी माणसांच्या घराण्यांत ही आठवण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि त्यांच्या बाबतीत त्या अंतराला रोगाचे कारणही नव्हते. नियम सहा फुटांचा होता. पण ते सहा फूट एकाला काळजी म्हणून कळले आणि दुसऱ्याला जुनी ओळखीची गोष्ट म्हणून कळले. हा फरक नियमात नव्हता. तो ज्याने नियम पाळला त्याच्या वागण्यात होता.

दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या, तेव्हा अंतर मी तेवढेच ठेवले. ते ठेवणे आवश्यकच होते. त्यांच्यासाठीही आणि आमच्यासाठीही. परंतु सावलीत एक स्टूल ठेवले, शेजारी पाण्याची बाटली ठेवली, एक धुवून वापरायची मुखपट्टी ठेवली. पैसे एका वाटीत घालून वाटी पाटावर ठेवली, आणि हात जोडून कालच्या वागण्याची क्षमा मागितली. त्या हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचे नाव विचारले नव्हते, ते विचारले. अंतर दोन्ही दिवशी सहा फूटच होते.

आपल्या मराठी भाषेत ‘अंतर’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. अंतर म्हणजे दुरावा, आणि अंतर म्हणजे अंतःकरणही. ‘अंतर राखणे’ म्हणजे दूर उभे राहणे. पण ‘अंतर देणे’ म्हणजे सोडून देणे, टाकून देणे. “मी तुला अंतर देणार नाही,” असे वचन आपण जिवलग माणसाला देतो. त्या मे महिन्यात पहिल्या दिवशी मी अंतर राखताना माणसालाच अंतर दिले होते.

ज्यांनी अंतर राखले पण दिले नाही, अशीही माणसे याच मांडवीत मी पाहिली, ती सांगितली नाहीत तर अन्याय होईल. पोळींतल्या जुन्या घरांतून वरच्या मजल्यावरून दोरीने टोपली खाली सोडण्याचा रिवाज पूर्वी होता. तो पुन्हा सुरू झाला. आमच्या किराणा दुकानदाराचा मुलगा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज सकाळी दूरध्वनी करी, “काका, काय हवं?” आणि सामान टोपलीत घालून घंटा वाजवी. त्या टोपलीत पैसे नसले तरी सामान वर जाई. उधारीची वही जाड होत गेली. ज्या कुटुंबांत पगार थांबले होते, त्यांची नावे त्या वहीत आहेत. दुकानदाराने ती मला कधी दाखवली नाही, आणि मीही पाहायला मागितली नाही.

आता दुसरा प्रसंग. तो सांगणे मला अधिक जड जाते.

२०२१ च्या मार्चमध्ये आपल्या सर्वांचीच भीती ओसरली होती. लस आली होती, रुग्ण कमी झाले होते, दिवाळीनंतर नोव्हेंबरमध्ये लागलेल्या रात्रीच्या संचारबंदीचीही सवय झाली होती. माझ्या पुतणीचे लग्न ठरले. वर्गमित्राच्या दुकानात गादी पुन्हा अंथरली गेली होती, मात्र दारावर पाटी होती: एका वेळी पाच जण. आम्ही अकरा जण गेलो. वर्गमित्राने पाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि काही बोलला नाही. पन्नास वर्षांच्या मित्राला, लग्नाच्या खरेदीला आलेल्याला, दारात थांब असे तो कसे म्हणणार? आपण घरचीच माणसे, असे म्हणत आम्ही आत गेलो. उकडत होते म्हणून पट्ट्या हनुवटीवर आल्या. मामा दोन तास साड्या उलगडत होते. त्यांनी पट्टी एकदाही काढली नाही. माझ्या वहिनीने त्यांना म्हटले, “मामा, काढा हो ती, ओळख पटत नाही तुमची.” ते हसले आणि पुढची घडी मोडली.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. २८ एप्रिलपासून गुजरातेतील २९ शहरांत अत्यावश्यक दुकानांखेरीज सारे बंद झाले. त्याच आठवड्यात मामा गेले. आमच्या कुटुंबातही तिघे आजारी पडले होते. ते बरे झाले. मामांना रोग कोणापासून झाला, हे कोणीही सांगू शकणार नाही. ते रोज बसने येत, रोज वीस-पंचवीस गिऱ्हाइके पाहत. खरेदी आणि त्यांचे आजारपण यांत तीन आठवड्यांहून अधिक काळ गेला होता, म्हणजे आमचा त्यात संबंध नसण्याचीच शक्यता अधिक, असे मला डॉक्टर मित्रांनी समजावले. मी त्यांचे म्हणणे मान्य करतो. तरी दारावरची पाटी मी वाचली होती, आणि ती माझ्यासाठी नाही असे मी मानले होते, एवढे सत्य उरतेच.

पहिल्या प्रसंगात मी नियम पाळला आणि माणूस विसरलो. दुसऱ्या प्रसंगात आपुलकीच्या नावाखाली नियम मोडला, आणि तेव्हाही माणूसच विसरलो; कारण ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती अशा माणसासमोर मी तो मोडला. मालकाला भीड होती, नोकराला नोकरी होती. दुकानातली पाटी ही खरे तर अशा माणसाची जीभ असते. जे त्याला बोलता येत नाही ते पाटी बोलते. ती आपण ऐकली नाही, तर त्याचे बोलणेच आपण ऐकले नाही, असे होते.

नियम सगळेच योग्य होते, असे मी म्हणणार नाही. शास्त्राचे ज्ञान वाढत गेले तसे हे स्पष्ट झाले. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात प्रयोगशाळेत प्लॅस्टिकवर आणि पोलादावर हा विषाणू ७२ तासांपर्यंत आढळला होता, आणि तेथून वस्तूंच्या स्पर्शाची भीती जगभर पसरली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात ही भीती अवाजवी असल्याचे मत मांडले गेले. आणि एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने सांगितले की दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून रोग होण्याची शक्यता सामान्यतः दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. धोका मुख्यतः कोंडलेल्या हवेत होता. म्हणजे साडीचा पोत पाहणारी बोटे निरपराध होती; दोषी होती ती बंद खोलीतील गर्दी आणि हनुवटीवर उतरलेली पट्टी. आम्ही नोटा उन्हात वाळवल्या आणि अकरा जण एका खोलीत बसलो. स्पर्शाची भीती आपल्या मनात इतकी लवकर आणि इतकी खोल का रुजली, हा प्रश्न मी समाजशास्त्राच्या अभ्यासकांसाठी ठेवतो. मला वाटते, तिच्यासाठी जमीन आपल्याकडे फार पूर्वीच नांगरलेली होती.

स्पर्शाच्या त्या भीतीचा एक परिणाम मात्र टिकून राहिला. भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची पद्धत २०१६ पासून होतीच. पण मांडवीत ती महामारीने रुजवली. देशभरात अशा व्यवहारांची संख्या मार्च २०२० मध्ये सुमारे १२५ कोटी होती. मार्च २०२२ मध्ये ती सुमारे ५४० कोटी झाली. आज भाजीच्या टोपलीवरही तो चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला असतो, आणि पैसे आल्याची वार्ता एक छोटी पेटी मोठ्याने देते. सुट्ट्या पैशांचा वाद संपला, रात्रीचा हिशेब सोपा झाला. परंतु आमच्या भाजीवाल्या बाईंना ती पेटी वापरता येत नाही. पैसे नातवाच्या खात्यावर जातात, आणि सायंकाळी हातात काय येते हे नातवावर अवलंबून असते. म्हणून मी त्यांना आजही रोख देतो, आणि हातात देतो.

३१ मार्च २०२२ रोजी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचे निर्बंध उठले, आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. चुन्याची वर्तुळे पहिल्याच पावसाळ्यात वाहून गेली होती. वर्गमित्राच्या दुकानात आता त्याची सून बसते. ती परदेशातल्या गिऱ्हाइकांना भ्रमणध्वनीच्या पडद्यावर साड्या दाखवते. ही विद्या टाळेबंदीतच शिकलेली. कॅनडातली एक बाई तिला म्हणते, “जरा काठ चुरगाळून दाखव ना, आवाज ऐकू दे.” स्पर्श करता येत नाही म्हणून ती कापडाचा आवाज ऐकते. मला हे फार हृद्य वाटले. पाच जणांची पाटी मात्र वर्गमित्राने काढलेली नाही. कायदा गेला, पाटी राहिली. मी कारण विचारले तेव्हा म्हणाला, “राहू दे. मामांच्या जागेवर दुसरं कोणी बसवलेलं नाही, आणि ती पाटीही काढलेली नाही.”

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काही जण त्या काळात अगदी लहान होता. तुम्हाला हे कथेसारखे वाटेल. साथी पूर्वीही आल्या. माझ्या आजोबांनी प्लेगच्या आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला, तेव्हा येथेही लोकांनी तोंडाला रुमाल बांधले होते. पुढेही साथ येईल, आणि तेव्हा नियम करणारे आणि पाळणारे तुम्ही असाल. त्या वेळी एवढे करा. नियम शास्त्राला विचारून करा, आणि शास्त्राने मत बदलले तर नियमही बदला. दारावरची पाटी आपल्या मित्राच्या दुकानाची असली तर ती दोनदा वाचा. आणि सहा फुटांवरून का होईना, समोरच्याला त्याचे नाव विचारा.

सरांनी मला विचारले होते, “माणूस कुठे आहे?” आठवीत मला उत्तर देता आले नाही. आज वही पुन्हा लिहायला मिळाली, तर मी हिशेबाच्या खाली दोन ओळी वाढवीन: एक त्या भाजीवाल्या बाईंविषयी, आणि एक मामांविषयी. सरांनी त्यावर किती गुण दिले असते, हे मला ठाऊक नाही. पण त्यांनी वही परत केली नसती, असे वाटते.